विश्रांतिवार आणि आपलें घर

सोमवारीं सकाळीं वर्गांत आलेल्या मुलांस, "काल काय केलेंत?" असें आम्ही पुष्कळदां विचारितों. उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात. कोणी सकाळच्या शिकवणीस गेलेला असतो, कोणी सराव-परीक्षेस बसलेला असतो, आणि उरलेला वेळ मोबाइलच्या पडद्यापुढें गेलेला असतो. शाळेस सुटी असते, पण मुलांस विश्रांति नसते. विश्रांतिवार पाळणें हा ज्या घरांत धर्माचा भाग मानिला जातो, तेथील आईबापांपुढें मोठा पेंच उभा राहतो. दहावीच्या वर्षीं मुलास उपासनेस न्यावें, कीं शिकवणीस धाडावें?

प्रथम आज्ञा काय आहे तें पाहूं. पवित्र शास्त्रांत ती दोनदां आली आहे : निर्गमाच्या २० व्या अध्यायांत आणि अनुवादाच्या ५ व्या अध्यायांत. दोन्ही ठिकाणीं बोलणें घरच्या कर्त्या माणसाशीं आहे. त्यानें स्वतः थांबावें एवढ्यानें आज्ञा पुरी होत नाहीं. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेंढोरें आणि दाराशीं राहणारा परका, या सर्वांस त्या दिवशीं विसावा मिळाला पाहिजे. कारणें मात्र दोन दिलीं आहेत. देवानें सृष्टि निर्माण करून सातव्या दिवशीं विसावा घेतला, हें पहिलें. आणि इस्राएल लोक स्वतः मिसर देशांत दास होते, हें दुसरें. दास्य म्हणजे काय हें ज्यास ठाऊक आहे, त्यानें दुसऱ्यास अखंड राबवूं नये, असा त्याचा सरळ अर्थ होय.

यहुदी लोक हा दिवस शनिवारीं पाळितात. प्रभु येशूचें पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशीं झालें, म्हणून ख्रिस्ती मंडळी रविवारीं उपासनेस जमूं लागली. पुढें इ. स. ३२१ मध्यें रोमन बादशहा कॉन्स्टंटाईन यानें रविवारीं न्यायालयें व शहरांतील कारखाने बंद ठेवण्याचा हुकूम काढिला. शेतकऱ्यांस मात्र त्यांतून मोकळीक दिली.

हा विषय परदेशचाच आहे असें कोणी समजूं नये. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून गांवकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. आपल्या धर्मबांधवांपासून ते दूर पडले होते. तरी शब्बाथ त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या टिकविला. दर आठवड्यास थांबलेला घाणा मुलांच्या दृष्टीस पडत असे, आणि तोच त्यांचा धडा होता.

दुसरें उदाहरण मुंबईचें. तेथील कापसाच्या गिरण्यांतील कामगारांस पूर्वीं आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून ही मागणी लावून धरिली, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. रविवार हा आपल्याकडे खंडोबाचाही वार आहे. तेव्हां ज्या सुटीस आपण सहज मिळालेली समजतों, ती कष्टकऱ्यांनीं झगडून मिळविली आहे, हें आपण विसरूं नये.

आतां घरची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आम्ही रविवार कडक पाळीत होतों. त्या दिवशीं मुलांनीं अभ्यासाचें पुस्तक उघडावयाचें नाहीं, बाजारहाट करावयाचा नाहीं, असा नियम होता. एके रविवारीं उपासनेहून आल्यावर पाहुणे जेवून उठले, आणि आमच्या मुलीनें विचारिलें, "बाबा, विश्रांतिवार आईला नसतो का?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मुलांची आई पहांटेपासून चुलीपाशीं होती, आणि भांडीं घासणारी बाई दारांत उभी होती. आज्ञेंत जिचें नांव स्पष्ट आहे, तिलाच आम्हीं वगळिलें होतें! त्या दिवसापासून आम्हीं ठरविलें कीं रविवारचा स्वयंपाक साधा करावा, त्याची तयारी शनिवारीं सायंकाळीं सर्वांनीं मिळून करावी, आपलें ताट आपण धुवावें, आणि बाईस पगार न कापतां सुटी द्यावी.

राहिला शिकवणीचा प्रश्न. स्कॉटलंडचा धावपटु एरिक लिडल यानें १९२४ च्या पॅरिस येथील ऑलिंपिकमध्यें १०० मीटरची शर्यत सोडिली. कारण तिची प्राथमिक फेरी रविवारीं होती. हें त्यास कित्येक महिने आधीं कळलें होतें, म्हणून त्यानें ४०० मीटरची तयारी केली व ती शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकिली. दिवस पाळणाऱ्यास नेहमीं पदक मिळतें, असा बोध यांतून कोणी घेऊं नये. घ्यावयाचा बोध हा कीं, सातवा दिवस मोकळा ठेवावयाचा असेल तर सहा दिवसांची आंखणी आधींच केली पाहिजे. शिकवणीची वेळ पालकांनीं मागितल्यास पुष्कळदां बदलून मिळते. आपण मागतच नाहीं.

परंतु परीक्षाच रविवारीं आली, किंवा आईची रुग्णालयांत पाळी लागली, तर मुलाच्या मनावर पापाचें ओझें घालूं नये. भुकेल्या शिष्यांनीं शब्बाथ दिवशीं कणसें मोडलीं तेव्हां प्रभूनें त्यांचीच बाजू घेतली, आणि त्याच वारीं वाळलेल्या हाताचा मनुष्य बरा केला. हा दिवस माणसाच्या हितासाठीं नेमिला आहे, हें त्याचें शिक्षण होय. जें टाळतां येत नाहीं तें निराळें, आणि जें आपण लोभानें किंवा भीतीनें ओढवून घेतों तें निराळें.

विद्यार्थिमित्रहो, येत्या शनिवारीं दप्तर आवरून ठेवा, आणि रविवारीं आईच्या हातांतील काम तुम्ही घ्या. पालकांस आमची एवढीच विनंति कीं, त्या दिवशीं मुलाशीं बोलतांना गुणांचा विषय काढूं नये. गुणांवांचूनही आपण आईबापांस प्रिय आहों, हें मुलास आठवड्यांतून एक दिवस तरी कळूं द्यावें.