मडक्यातला सम्राट

इसवी सन 271च्या सुमारास आजच्या फ्रान्सच्या भूमीवर दोमितियानुस नावाचा एक सेनानी बहुधा काही दिवस, फार तर काही आठवडे, रोमन सम्राट म्हणून मिरवला. जुन्या ग्रंथांत या नावाचे एखाददुसरे ओझरते उल्लेख आहेत, पण तो सम्राट झाला होता असे कोणी स्पष्ट सांगत नाही. 1900 साली नांत शहराजवळ ले क्लेऑं येथे नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या एका नाण्यावर किरणांचा मुकुट घातलेला दाढीवाला चेहरा होता आणि कडेने सम्राटाच्या बिरुदांसह त्याचे नाव. अनेक जाणकारांनी ते बनावट ठरवून बाजूला सारले.

मग 2003 साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या चॅलग्रोव्हच्या एका शेतात मेटल डिटेक्टरवाल्या हौशी शोधकाला एक मडके लागले. आत 4,957 नाणी, गंजून एकमेकांना घट्ट चिकटलेली. ब्रिटिश म्युझियममध्ये ती एकेक करून सुटी केली गेली, तेव्हा त्यांतून पुन्हा तोच दाढीवाला बाहेर आला. दोन्ही नाणी एकाच ठशांच्या जोडीने पाडलेली निघाली. शेकडो वर्षे गंजाने जखडलेल्या गठ्ठ्यात कोणी लबाडाने नाणे सरकवणे शक्यच नव्हते. शतकभर खोटा मानलेला सम्राट असा खरा ठरला. नाण्याच्या मागच्या बाजूवर ‘सैन्याची एकजूट’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत. सैनिकच सम्राट बसवत आणि उतरवत होते, त्या काळात ही घोषणा म्हणजे नवसच म्हणायचा. चॅलग्रोव्हचे नाणे आता ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

‘एकच ठसा’ हा पुरावा इतका भक्कम का, तर ठसे हाताने कोरलेले असत. खालच्या ठशावर धातूची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. दोन ठसे कधी तंतोतंत सारखे होत नसत. नाक किंचित लांब, एखादे अक्षर तिरके, एवढ्यावरून सराईत संग्राहक ठसा ओळखतो.

या काळातली नाणी दिसायला मात्र फारशी देखणी नाहीत. कॅराकॅला सम्राटाने 215 साली किरणमुकुटाचे नवे चांदीचे नाणे काढले. पुढच्या पन्नासेक वर्षांत भेसळ इतकी वाढली, की गॅलिएनस सम्राटाच्या कारकिर्दीच्या अखेरीस त्यात शेकडा पाच भागही चांदी उरली नाही. नाण्यांचा नुसता पूर आला आणि माणसांनी ती मडकी भरभरून पुरली. म्हणूनच दीड-पावणेदोन हजार वर्षे जुने खरे रोमन नाणे आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे.

पण सुटे नाणे अर्धीच गोष्ट सांगते. 2010 साली सॉमरसेटमधल्या फ्रोम गावाजवळ एका शोधकाला मडक्याचे तोंड दिसले. त्याने खणणे तिथेच थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. आत 52,503 नाणी होती, वजन सुमारे 160 किलो. थराथराने ती काढल्यामुळे एक गोष्ट कळली: साठ्यातल्या सर्वांत अलीकडच्या सम्राटांपैकी एक असलेल्या कॅरॉसियसची बरीचशी नाणी वर नव्हे, खोलवर होती. म्हणजे वर्षानुवर्षे थोडी थोडी टाकून हे मडके भरलेले नव्हते. घाईघाईने उपसले असते तर ही खूण कायमची पुसली गेली असती. मला तर त्या माणसाचा संयम नाण्यांहून मौल्यवान वाटतो.

आपल्याकडेही असाच धडा मिळतो. 1898 साली तमिळनाडूत पुदुकोट्टईला रोमन सोन्याच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीने आडवा घाव घातलेला आहे. असे एखादेच नाणे बाजारात आले असते तर ‘खराब’ म्हणून कोपऱ्यात पडले असते. शेकडो एकत्र सापडली म्हणून दिसते, की हे घाव कोणी जाणूनबुजून घातले होते.

म्हणून मुरलेला संग्राहक नाण्याबरोबरची जुनी चिठ्ठीही जपतो: कोणाच्या संग्रहातून आले, कोणत्या लिलावात विकले गेले. आणि जिथे चिठ्ठीला किंमत, तिथे खोटी चिठ्ठीही आलीच. सीझरच्या खुनानंतर मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने इसवी सनपूर्व 42च्या सुमारास नाणी पाडली. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली खुनाची तारीख. चांदीची बरीच उरली आहेत, सोन्याची मात्र बोटांवर मोजण्याइतकीच. त्यातले एक 2020 साली लंडनच्या लिलावात 30 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. पुढे उघड झाले, की त्याचा मालकीचा इतिहास बनावट होता. 2023 साली न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने ते ग्रीसच्या हवाली केले.