साखरेला मळीपासून सोडवणारा जोर



गळीत हंगामात कारखाना पाहायला आलेले सभासद सेंट्रिफ्यूगल मशीनपाशी हटकून विचारतात, "पॅनमधला काळपट लगदा आत गेला अन् साखर बाहेर आली, मधे झालं काय?" त्याचे उत्तर आज देत आहोत.

त्या लगद्यात साखरेचे दाणे असतात आणि त्यांना चिकटलेली मळी असते. नुसता चाळणीवर ठेवला तर मळी निथळायला दिवसच्या दिवस जातील. कारण तिला ओढणारे एकटे गुरुत्वाकर्षण.

आता गोफण आठवा. फिरवली की हाताला ओढ बसते. दगडाचा वेग तोच राहिला तरी दिशा क्षणोक्षणी बदलते. वेगात वा दिशेत होणाऱ्या बदलाच्या दराला शास्त्रात त्वरण म्हणतात. झाडावरून सुटलेल्या आंब्याचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटरने वाढतो. हेच आपले माप धरू.

समजा, मशीनच्या जाळीच्या टोपलीचा व्यास ४८ इंच आहे आणि ती मिनिटाला १२०० फेरे घेते. हिशेब केला तर जाळीपाशी त्वरण भरते गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९८० पट! म्हणजे किलोभर माल जाळीवर जवळजवळ टनाच्या भाराने दाबला जातो. मळी भोकांतून निसटते, दाणे मागे राहतात. फेरे निम्मे केले तर जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. मग मळी दाण्याला धरून राहते, पाणी जास्त मारावे लागते, आणि त्या पाण्यात विरघळलेली साखर मळीबरोबर जाते.

पण हाच जोर उलटतोही. एका बाजूला किलोभर माल जास्त बसला, तर तो टनाचा हिसका सेकंदाला २० वेळा बेअरिंगभोवती फिरतो. बेअरिंग बिघडू लागले की सुरुवातीची थरथर फार बारीक असते. मध्यापासून मिलिमीटरचा शंभरावा भागच, पण सेकंदाला १००० वेळा हलले, तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ४० पट होते. हाताला ते कळत नाही, त्वरणमापकाला कळते. या डबीत एक लहान वजन स्फटिकावर दाबून बसवलेले असते. हिसका बसला की स्फटिकावर विद्युतभार येतो. जेवढे त्वरण, तेवढा भार. स्फटिकाचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला.

मशीन बंद पडले की पॅन तुंबतात, पॅन तुंबले की मिल थांबते, आणि अड्ड्यावर उभ्या गाड्यांतला ऊस उन्हात वाळतो. ती घट कुणाची? तुमची-आमचीच. म्हणून बेअरिंग ओरडेपर्यंत वाट पाहू नये, आधीच मोजावे. पुढच्या खेपेला याल तेव्हा फिरत्या मशीनपासून चार हात लांब उभे राहा, आणि "फेरे किती? थरथर कधी मोजली?" एवढे जरूर विचारा. तो तुमचा हक्कच आहे.