जस्ताचा अणू कोणत्या घरात?

जुना ट्रान्झिस्टर रेडिओ उघडला, तर तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असलेली एक काळी, ठिसूळ कांडी आत दिसते. ही कांडी फेराइट नावाच्या पदार्थाची असते. लोखंडाच्या ऑक्साइडात जस्त, मँगनीज किंवा निकेल यांची ऑक्साइडे मिसळून व ते मिश्रण भट्टीत भाजून फेराइटे तयार करतात. त्यांपैकी जस्त-फेराइट हे अगदी साधे. त्याच्या सूत्रात जस्ताचा १, लोखंडाचे २ आणि ऑक्सिजनचे ४ अणू असतात.

या पदार्थाची एक गंमत आहे. चांगले भाजून सावकाश थंड केलेले जस्त-फेराइट नेहमीच्या तापमानाला चुंबकाला फारशी दाद देत नाही. पण त्याचीच, मीटरच्या काही अब्जांश आकाराच्या कणांची पूड केली, तर ती चुंबकाकडे चांगली ओढली जाते! रासायनिक पृथक्करण केले तर दोन्हींत अणूंचे प्रमाण तेच. मग फरक कशामुळे पडतो?

दोन प्रकारची घरे

ऑक्सिजनचे मोठे आयन दाटीने रचले, की त्यांच्यामध्ये दोन प्रकारच्या पोकळ्या उरतात. एकीभोवती ४ ऑक्सिजन असतात. ती चतुष्फलकी जागा. दुसरीभोवती ६ असतात. ती अष्टफलकी जागा. धातूंचे अणू या दोन प्रकारच्या घरांत राहतात. या रचनेला 'स्पिनेल' म्हणतात. इंग्लंडमध्ये ब्रॅग व जपानमध्ये निशिकावा यांनी ती १९१५ साली स्वतंत्रपणे शोधून काढली.

दोन्ही घरांत लोखंड असेल, तर एका घरातील लोखंडाचे चुंबकत्व दुसऱ्या घरातील लोखंडाच्या उलट दिशेला राहते आणि वजाबाकी होऊन उरेल तेवढे पदार्थाला मिळते. हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४८ साली दाखवून दिले. जस्ताला स्वतःचे असे चुंबकत्व नाही. भाजलेल्या जस्त-फेराइटात सारे जस्त चतुष्फलकी जागांत आणि सारे लोखंड अष्टफलकी जागांत असते. म्हणून तेथे अशी जोडी जमत नाही. पण थोडे जस्त अष्टफलकी जागेत शिरले आणि तितकेच लोखंड चतुष्फलकी जागेत आले, तर चुंबकत्व प्रकट झाले पाहिजे. बारीक पुडीत असेच घडते काय?

क्ष-किरणांच्या विवर्तनाने याचे उत्तर मिळवणे अवघड जाते. लोखंडाचा अणुक्रमांक २६, जस्ताचा ३०. दोघेही क्ष-किरण जवळजवळ सारखेच विखुरतात. त्यात कण फार लहान असले, की विवर्तनाच्या रेषा पसरट होतात.

जस्तालाच विचारू या

येथे क्ष-किरणांचे शोषण मदतीला येते. पदार्थाच्या पातळ थरातून क्ष-किरण पाठवावेत, त्यांची ऊर्जा हळूहळू वाढवावी आणि किती किरण शोषले जातात ते मोजावे. ऊर्जा ९६५९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट झाली, की शोषण एकदम उडी घेते. कारण जस्ताच्या सर्वांत आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन आता बाहेर फेकला जाऊ शकतो. लोखंडाची अशी उडी ७११२ वर, तर कोबाल्टची ७७०९ वर असते. म्हणजे ऊर्जा निवडून आपण फक्त जस्ताला प्रश्न विचारू शकतो.

उडीनंतर आलेख सरळ उतरत नाही. त्यावर बारीक लाटा दिसतात. त्या का येतात? सुटलेला इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो. विहिरीत खडा टाकल्यावर तरंग काठावर आपटून परत येतात, तसा हा तरंग शेजारच्या अणूंवर आपटून मूळ अणूकडे परततो. जाणारा व येणारा तरंग जुळले तर शोषण वाढते, विरोधात गेले तर घटते. शेजारी जितका दूर, तितक्या आलेखावरील लाटा दाट.

हिशेब करून पाहा. ऊर्जा ९८०९ असेल, तर इलेक्ट्रॉनजवळ १५० इलेक्ट्रॉन-व्होल्ट उरतात. त्याची तरंगलांबी १२.२७ भागिले १५० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १ अँगस्ट्रॉम भरते. अणूंमधील अंतरे मोजायला ही नेमकी सोयीची पट्टी आहे!

सेयर्स, स्टर्न व लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७१ साली फूरिये यांच्या गणिताने या लाटांतून शेजाऱ्यांची अंतरे वेगळी काढून दाखवली. अणूवर आपटताना तरंगाची कला सरकते, त्यामुळे अंतर थोडे कमी दिसते. ज्याची रचना माहीत आहे अशा पदार्थाशी तुलना करून ही चूक दुरुस्त करतात.

साक्ष मिळाली

जस्त चतुष्फलकी जागेत असेल, तर सुमारे २ अँगस्ट्रॉमवर ४ ऑक्सिजन आणि ३.५ अँगस्ट्रॉमवर १२ लोखंडाचे अणू हवेत. अष्टफलकी जागेत असेल, तर ऑक्सिजन ६ आणि थोडे दूर, सुमारे २.१ अँगस्ट्रॉमवर, शिवाय ३ अँगस्ट्रॉमवर धातूचे ६ शेजारी हवेत. चतुष्फलकी घराच्या शेजारात ३ अँगस्ट्रॉमवर धातूचा अणूच नसतो. तेव्हा तेथे नवे शिखर उगवले, की जस्ताने घर बदलले असे समजावे.

द्रावणातून अवक्षेपित केलेल्या जस्त-फेराइटाच्या अशा तपासणीचे निष्कर्ष जपानमधील संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केले. काही जस्त खरोखरच अष्टफलकी जागांत सापडले. चुंबकत्वाचे कोडे त्यामुळे उलगडले.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. नमुन्यातील असंख्य जस्त-अणू एकदम उत्तर देतात, म्हणून कळते ती सरासरी. अंतर अँगस्ट्रॉमच्या शंभराव्या भागापर्यंत मिळू शकते. शेजाऱ्यांची संख्या मात्र शेकडा १० ते २० इतकी इकडेतिकडे होऊ शकते.

आपल्याकडे नागपूर विद्यापीठात प्रा. सी. मांडे यांनी क्ष-किरण वर्णपटविज्ञानाच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. आता इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' हे १७२.५ मीटर परिघाचे सिंक्रोट्रॉन आहे. त्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या प्रखर क्ष-किरणांवर असे प्रयोग होतात.

विद्यार्थी मित्रांनो, जाता जाता एक उदाहरण सोडवा. इलेक्ट्रॉनची ऊर्जा १५० ऐवजी ६०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट झाली, तर २ अँगस्ट्रॉमवरील ऑक्सिजनपर्यंत जाऊन-येऊन किती तरंग मावतील? (उत्तर : ८)