रिपोर्ट नॉर्मल, तरीही धाप का?

सैन्यात असताना मैलोन्मैल धावणारा धडधाकट तरुण युद्धावरून परततो आणि जिना चढतानाच त्याला धाप लागते. छातीचा एक्स-रे मात्र अगदी नॉर्मल! इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या कित्येक अमेरिकी सैनिकांचे असे झाले.

या सैनिकी तळांवर कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जाई. प्लास्टिक, रंग, दवाखान्यातला कचरा असे सगळे विमानाचे इंधन ओतून पेटवले जाई. त्यातच 2003 मध्ये मोसुलजवळ गंधकाच्या कारखान्याला मोठी आग लागली. धाप लागणाऱ्या 80 सैनिकांच्या तपासणीचा अभ्यास 2011 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील 49 जणांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा 38 जणांना ‘कन्स्ट्रिक्टिव्ह ब्राँकिओलायटिस’ असल्याचे आढळले. यात फुप्फुसातील अतिसूक्ष्म श्वासनलिका व्रण पडून आकसतात. या 38 जणांपैकी एकाच्याही एक्स-रेमध्ये दोष दिसला नव्हता.

फुंकर मारून करायची स्पायरोमेट्रीही इथे चकवू शकते. तिचा निकाल त्या वयाच्या सर्वसाधारण माणसाशी ताडून पाहतात. सैनिकाची क्षमता मुळात सरासरीहून जास्त असते. ती बरीच घटली तरी आकडा ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहतो. युद्धावर जाण्यापूर्वीची नोंद असती, तर घट लगेच कळली असती. पण ती सहसा केलेलीच नसे.

म्हणूनच सैनिक कुठे होता आणि कशाच्या संपर्कात आला, हे विचारणे महत्त्वाचे ठरते. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेत ‘पॅक्ट’ कायदा झाला. त्यानुसार माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला दर पाच वर्षांनी किमान एकदा ही विचारपूस केली जाते. तिला पाच-दहा मिनिटे लागतात. ठरावीक देश आणि काळात सेवा केलेल्यांना हा आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. भरपाईसाठी धुराचा पुरावा शोधत बसावे लागत नाही.

अर्थात, प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. पुढे स्पायरोमेट्री, सीटी स्कॅन आणि गरजेनुसार इतर तपासण्या कराव्याच लागतात. तुकडा काढणे ही शस्त्रक्रिया असल्याने ती सरसकट करता येत नाही. शिवाय आकसलेल्या नलिका सहसा पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असूनही धाप वाढत असेल, तर रुग्णाने आपण कुठे आणि कसल्या धुरात काम केले, हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवे.