मेसचं कार्ड आणि शहराचा हिशेब

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात तळमजल्यावर चालणारी एखादी मेस डोळ्यांपुढे आणा. दाराशी टेबल, टेबलावर कार्डांचा गठ्ठा. मुलगा कार्ड पुढे करतो, काकू त्या तारखेच्या चौकटीत फुली मारतात आणि ताट वाढायला सांगतात. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. विद्यापीठामुळे शहराच्या पदरात काय पडतं हे मोजायचं, तर या फुल्या मोजायलाच हव्यात. पण किती फुल्या धरायच्या, इथेच घोळ आहे.

या मोजणीची रूढ पद्धत १९७१ साली अमेरिकेत जॉन कॅफ्री आणि हर्बर्ट आयझॅक्स यांनी मांडली. संस्थेचा स्वतःचा खर्च, तिथल्या नोकरदारांचा, विद्यार्थ्यांचा आणि पाहुण्यांचा खर्च. त्यावर पैसा गावात किती फिरतो याचा गुणक. समजा, काकूंकडे आलेल्या शंभर रुपयांतले चाळीसच पुण्यात राहिले: भाजीवाली, पोळ्या लाटणाऱ्या मावशी, जागेचं भाडं. उरलेले साठ गहू, तेल आणि सिलिंडरच्या वाटेने बाहेर गेले. पुढच्या हातात गेलेल्या चाळिसांतलेही सोळाच इथे उरतील, मग सुमारे साडेसहा. बेरीज १६७ च्या आसपास थांबते. गळती वाढली की गुणक घटतो. त्यामुळे गळतीचा शोध न घेता थेट अडीचने किंवा तिनाने गुणणारा अहवाल मी जाहिरात म्हणूनच वाचतो.

खरा अवघड प्रश्न वेगळाच: विद्यापीठ नसतं तर काय झालं असतं? कोथरूडची मुलगी घरीच जेवते. तिच्या घरचा पैसा तसाही पुण्यातच खर्च झाला असता. लातूरहून आलेल्या मुलाचे मेसचे पैसे मात्र पुण्यासाठी नवे. पण ते वडिलांच्या सोयाबीनचे. पुण्याला मिळाले, तेवढे लातूरच्या बाजारपेठेतून गेले. हिशेबाचं वर्तुळ पुण्याभोवती काढलं तर कमाई, महाराष्ट्राभोवती काढलं तर या खिशातून त्या खिशात. हाच मुलगा एरवी दिल्लीला गेला असता, तर गोष्ट वेगळी.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत विद्यार्थ्यांविना शहराचं काय होतं, हा प्रयोग आपोआप घडला. मुलं गावी गेली, कॉट रिकाम्या झाल्या, अभ्यासिकांना कुलपं लागली. पण तेव्हा सगळंच बंद होतं, त्यामुळे कशाचा फटका किती हे सुटं करता येत नाही. त्यापेक्षा पुढचे महिने कामाचे, बाजार उघडला आणि वर्ग ऑनलाइनच राहिले तेव्हाचे. त्या काळातला खानावळींचा गल्ला कुणी नीट तपासला, तर बरंच कळेल.

आणि जेवणाखाण्याचा खर्च हा तसा लहानच भाग. अ‍ॅना व्हॅलेरो आणि जॉन व्हॅन रीनन यांनी ७८ देशांतल्या सुमारे १५,००० विद्यापीठांची आकडेवारी लावून २०१९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. एखाद्या प्रदेशात लोकसंख्येच्या मानाने विद्यापीठं १० टक्क्यांनी वाढली, तर पुढे दरडोई उत्पन्न साधारण ०.४ टक्क्यांनी जास्त दिसतं. नुसत्या खर्चाने एवढी वाढ होत नाही. त्यात शिकलेली माणसं येतात, नवं संशोधन येतं.

पुण्याचं विद्यापीठ १९४९ चं. त्याच्याच आवारात पुढे खगोलशास्त्रातली आयुका आणि संगणकक्षेत्रातली सी-डॅक या संस्था आल्या. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली, पुढे हिंजवडीची आयटी वसाहत उभी राहिली. म्हणून हिंजवडीचं सगळं श्रेय विद्येला द्यायचं का? मुंबई जवळ आहे, कारखाने आधीपासून होते, आणि फर्ग्युसन महाविद्यालय तर १८८५ चं. कुठला धागा कुणाचा, हे सोडवणं भल्याभल्यांना जमत नाही.

पुण्यातल्याच गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ साली छापला गेला. तशी पाहणी आज विद्यार्थ्यांची करायची, तर जागा मेसच्या दारातलीच बरी. काकू फुली मारत असताना शेजारी उभं राहून विचारायचं: गाव कुठलं रे तुझं? आणि शिकून झाल्यावर राहणार कुठे?