तृणराजांचा संसार

पोस्टाची तिकिटे जमवणारी माणसे असतात, जुनी नाणी जमवणारी असतात, आणि आगपेट्यांवरची चित्रे जमवणारी मुले तर आमच्या लहानपणी प्रत्येक आळीत होती. या मंडळींना कोणी उपयोग विचारत नाही. पण मी ताडामाडांच्या जातीची झाडे जमवते असे सांगितले, की समोरचा माणूस हमखास विचारतो, "नारळ लागतात का हो?" नाही म्हटले, की लगेच दुसरा प्रश्न, "मग निदान सुपारी?"

नारळ लागत नाहीत. सुपारीही नाही. पार्ल्याच्या आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर १९९८ सालापासून मी जी झाडे वाढवली, त्यांतल्या एकानेही देवापुढे ठेवण्याजोगे फळ दिलेले नाही. आमचे हे त्याला 'बिनपगारी नोकरांचा कारखाना' म्हणत; मात्र नोकर कोण, हे त्यांनी कधी स्पष्ट केले नाही. उन्हाळ्यात सकाळी सहाला बादल्या वर चढवणारी मी, तेव्हा उत्तर वाचकांनीच शोधावे.

गवताचे राजे

इंग्रजीत ज्याला पाम म्हणतात त्या कुळाच्या जगात सुमारे २६०० जाती आहेत. माड, पोफळ, ताड, शिंदी, खजूर आणि भेरली माड ही त्यांतली आपल्या ओळखीची मंडळी. पुष्कळांना ठाऊक नसते, की वेतही याच कुळातला. म्हणजे गुरुजींची छडी आणि देवाचा नारळ हे एकमेकांचे सख्खे नसले तरी चुलत भाऊ खरे!

आपल्या जुन्या लोकांची नजर किती तीक्ष्ण होती पाहा. अमरकोशात ताडाला 'तृणराज' म्हटले आहे आणि ताड, खजूर यांना 'तृणद्रुम', म्हणजे गवताची झाडे. आजचे वनस्पतिशास्त्रही हेच सांगते, की ही झाडे आंबा-वडापेक्षा भात, ऊस आणि बांबू यांना जवळची. अठराव्या शतकात लिनियसने वनस्पतींची वर्गवारी केली, तेव्हा त्यानेही यांना वनस्पतिसृष्टीतले राजपुत्र ठरवले. राजेपणाबद्दल पूर्व-पश्चिमेचे असे एकमत क्वचितच होत असेल.

आंब्याचे खोड दरवर्षी थोडे थोडे जाड होते आणि त्याला आत वर्तुळे पडतात. माडाला वर्तुळे नाहीत. तो आधी जमिनीलगत आपला घेर पुरा करतो आणि मगच वर चढतो. एकदा चढला की घेर फारसा बदलत नाही. म्हणूनच माडाच्या बुंध्यात मारलेल्या खिळ्याचे भोक कधी भरून येत नाही. आंब्याची साल जखमेवर हळूहळू सरकते, माडाला ती सोय नाही. रोषणाईच्या माळा टांगण्यासाठी रस्त्याकडेच्या पामला खिळे ठोकतात तेव्हा माझा जीव कळवळतो, तो एवढ्यासाठी.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. बहुतेक पामच्या खोडाला वाढीचा एकच कोंब असतो, अगदी शेंड्यात. तो मेला की खोड संपले. बाजूने नवी फांदी फुटत नाही. गेंडा भुंगा नेमका तिथेच जाऊन कोवळा गाभा पोखरतो. तेव्हा 'झाड उंच झाले, वरून छाटा' हा सल्ला या कुळाला लागू नाही. याला एक अपवाद म्हणजे रावणताड. त्याचे खोड दोन दोन फाट्यांनी फुटत जाते. दीव बेटावर आणि गुजरातच्या किनाऱ्याला तो पाहायला मिळतो.

नावांचा घोळ

नर्सरीत जाल तर 'अरेका पाम' म्हणून दाट पिवळसर देठांचे झुपके मिळतात. लग्नाच्या हॉलपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे तेच. त्याचा आपल्या सुपारीशी कुळापलीकडे संबंध नाही. ते मूळचे मादागास्करचे. बंगल्यांच्या फाटकाशी जोडीने उभा असतो तो 'बॉटल पाम' बहुतेक वेळा क्यूबाचा रॉयल पाम असतो. क्यूबाचे ते राष्ट्रीय झाड आहे.

खरा बॉटल पाम, ज्याचा बुंधा खरोखर बाटलीसारखा फुगतो, तो मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या लहानशा बेटाचा. तिथे सोडलेल्या शेळ्या-सशांनी रोपे खाऊन टाकली आणि जंगलात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाडे उरली. बागांतून मात्र ते जगभर पसरले. त्याचाच एक सख्खा भाऊ इतका भाग्यवान नाही. मॉरिशसच्या क्युरपीप गावातल्या बागेत त्या जातीचे एकच झाड उभे आहे, साऱ्या जगात एकच. त्याला नरफुले येतात, मादीफुलेही येतात. पण दोन्ही एका वेळी उमलत नाहीत, त्यामुळे बी धरत नाही. मॉरिशसमध्ये आपली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिकडे कोणाचे नातलग असतील, तर त्यांनी एकदा त्या एकुलत्या एका झाडाला माझा नमस्कार सांगावा.

या छंदात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. सेंट झेवियर कॉलेजात शिकवणारे स्विस पाद्री फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी हिंदुस्थान आणि सिलोनमधल्या पामवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. तो १९२६ साली निघाला. १९३४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर तीस वर्षे उलटण्याच्या आत, १९५६ साली, अमेरिकेतल्या फ्लोरिडात हौशी मंडळींनी पामचे आंतरराष्ट्रीय मंडळ काढले. म्हणजे माझ्यासारखे वेडे जगात बरेच आहेत, हा मोठाच दिलासा.

प्रत्येक संग्राहकाला एक न मिळणारी वस्तू असते. माझी म्हणजे दर्याचा नारळ. फकिरांच्या हातातले काळे कश्कूल ज्या जोडनारळाचे असते, तो. सेशेल्सच्या दोन बेटांवरच तो मुळात उगवतो आणि त्याची बी वनस्पतिसृष्टीत सर्वांत मोठी. एकेक पंधरा-वीस किलोची. हावड्याच्या वनस्पती उद्यानात १८९४ साली एक झाड लावले होते. पार्ल्याच्या गच्चीवर ते येणार नाही, हे मला कळते. पण इच्छेला भाडे पडत नाही.

गॅलरीतला पाम

आता ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी दोन-चार कामाच्या गोष्टी.

बी ताजे हवे. इस्राएलमध्ये मसाडाच्या किल्ल्यात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांची खजुराची बी २००५ साली रुजली, हे खरे. पण तो खजूर. बहुतेक पामचे बी काही आठवड्यांत निकामी होते. सुपारी पूर्ण पिकलेली, सालासकट, देठाकडची बाजू वर ठेवून पेरावी. दीड ते तीन महिन्यांत कोंब दिसतो. ताडाची तऱ्हा निराळी. तो आधी खाली एक लांब सोंड सोडतो आणि जमिनीत खोल जाऊन मग वरचा विचार करतो. म्हणून ताड कुंडीत लावण्याच्या भानगडीत पडू नये. ताडगोळे खाऊन समाधान मानावे.

कुंडी पसरट नको, खोल हवी. लाल माती, जाड वाळू, चांगले कुजलेले शेणखत आणि सोडणाचा भुसा असे मिश्रण उत्तम. पाणी भरपूर द्यावे, पण तळाला साचू देऊ नये. कुंडी बदलताना मुळे विंचरू नयेत. मातीचा गड्डा जसाच्या तसा उचलावा. खालचे पान पिवळे पडू लागले की कात्री घेऊन धावू नये. झाड त्या पानातले अन्न काढून वरच्या कोवळ्या पानाला देत असते. आजोबांच्या पेन्शनीवर नातवाची फी भरावी तसा हा प्रकार. पान पुरते वाळले की मग काढावे.

सावलीच्या गॅलरीत लेडी पाम, चामेडोरिया आणि गोल पंख्यासारख्या पानांचा लिकुआला सुखाने राहतात. लेडी पाम तर जपानी लोक पिढ्यान्‌पिढ्या कुंडीत वाढवत आले आहेत. पांढऱ्या-पिवळ्या रेघांच्या पानांचे निवडक प्रकार तिथे नावानिशी जपले जातात. खजूर-शिंदीला मात्र ऊनच हवे.

भेरली माडाला शक्य तर कुंडीत कोंडू नये. माशाच्या शेपटीसारखी त्याची पाने मांडवाला फार शोभतात. मोठा झाला की त्याला पहिला तुरा शेंड्याशी येतो, पुढचा त्याच्या खाली, मग आणखी खाली. तुरे असे उतरत उतरत बुंध्यापर्यंत आले, की झाडाचे आयुष्य संपते. त्याची फळे मात्र हाताळू नयेत, अंगाला भयंकर खाजतात.

अडतीस कुंड्यांचे काय?

२०२१ साली आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा ठराव झाला आणि पुढच्या वर्षी जून अखेर घरे रिकामी करायची ठरली. सेक्रेटरी भला माणूस. म्हणाला, "काकू, माणसांची सोय लागली. झाडांचे तेवढे तुम्ही बघा." भाड्याच्या घराला एक गॅलरी, तीही कपडे वाळत घालण्याएवढीच. मोठ्या कुंड्या अडतीस. शिवाय पिशव्यांतली पोफळीची छत्तीस रोपे.

या रोपांचीही एक कथा आहे. श्रीवर्धनला आमच्या धाकट्या दिरांची वाडी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी पाठवलेल्या पिकल्या सुपाऱ्या मी पेरल्या होत्या. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी पोफळीचे रोप वाण द्यावे, असा माझा बेत. मग टाळेबंदी आली. आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. भाऊजींच्या वाडीत साडेतीनशे पोफळी होत्या, त्यांतल्या ऐंशी उभ्या राहिल्या. चार दिवसांनी फोन लागला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "वहिनी, आता ओटीवरून समुद्र दिसतो." त्या घरातून समुद्र कधीच दिसत नसे.

२०२१ च्या संक्रांतीला करोनामुळे हळदीकुंकू झालेच नाही. रोपे गच्चीवरच राहिली.

घर सोडायची वेळ आली तेव्हा ह्यांनी बँकेतल्या सवयीने एक वही आखली: झाडाचे नाव, उंची, जाणार कुठे. सावलीतल्या नऊ कुंड्या आमच्याबरोबर. अरेकाचे अकरा झुपके शेजाऱ्यांनी आपापल्या भाड्याच्या घरी नेले. दोन रॉयल पाम एका शाळेच्या पटांगणात गेले, लिकुआला आमच्या डॉक्टरीणबाईंच्या व्हरांड्यात. उरलेल्या पंधरा कुंड्या आणि पोफळीची सगळी रोपे टेंपोत घालून आम्ही श्रीवर्धनला निघालो. वाटेत पाऊस लागला. मला बरे वाटले, रोपांना प्रवास सुखाचा झाला.

त्या पंधरांत एक ताळी होती. बजरबट्टू म्हणून लहान मुलांच्या गळ्यात दृष्टीसाठी बांधतात ना, ती ताळीची बी. कुमठ्याच्या माझ्या नणंदेने २०११ साली तिची मूठभर बिया आणून दिल्या होत्या. त्यांतली एक रुजली. ताळी तीस ते ऐंशी वर्षे नुसती वाढते, मग आयुष्यात एकदाच फुलते. शेंड्यावर सहा-आठ मीटरचा तुरा, लक्षावधी फुले. वर्षभराने फळे पिकतात आणि झाड मरते.

भाऊजींनी वाडीच्या कोपऱ्यात, विहिरीपासून दूर, खड्डा घेतला. मुळे दुखावू नयेत म्हणून कुंडीच फोडली. माती लोटता लोटता त्यांनी विचारले, "वहिनी, ही फुलेल तेव्हा आपण असू?"

"तुमच्या नातवाचा काय तो भरवसा," मी म्हटले.

ते थोडा वेळ कुदळीवर हात ठेवून उभे राहिले. वादळानंतर दोन वर्षे त्यांनी वाडीत एक रोप लावले नव्हते, असे जाऊबाई मला आदल्या रात्री सांगत होत्या. पोफळ फळायला सहा-सात वर्षे, आपले वय सत्तर, कोणासाठी लावायचे, असे म्हणत. शेवटी म्हणाले, "मग आधी ही पोफळीची रोपे तरी संध्याकाळच्या आत लावून टाकू. पाऊस आहे."

छत्तीसांतली एकतीस जगली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या सुपाऱ्या रुजवून आणखी शंभर लावल्या. ताळीला पंख्याएवढी पाने आली आहेत आणि नातू तिला 'काकूआजीची छत्री' म्हणतो.

उपयोग विचारणाऱ्यांना मी आता ही गोष्ट सांगत बसत नाही. पण तुमच्यापैकी कोणाला हौस वाटली, तर सांगते. लक्ष्मीपूजनाच्या ताटातली सुपारी रुजणार नाही, ती वाळवलेली असते. दिवाळीनंतर कोकणातून कोणी येणार असेल त्याला सांगून पिकलेल्या, केशरी सालीच्या चार सुपाऱ्या मागवा. मातीत ठेवा, पाणी घाला आणि तीन महिने अजिबात उकरून पाहू नका. हे शेवटचेच सगळ्यांत अवघड आहे.