कॉलेजांतील शिस्त आणि न्याय

एखाद्या घरीं कॉलेजच्या शिक्क्याचा लखोटा येतो. वडील तो उघडतात. आंत चारच ओळी असतात: आपल्या मुलाविरुद्ध तक्रार आली असून अमुक दिवशीं शिस्तपालन समितीपुढें त्यानें खुलासा करावा. मुलगा अपराधी आहे कीं निरपराधी, हें अद्याप कोणीच ठरविलेलें नसतें. तरी पण वर्ष वायां जाईल काय, दाखल्यावर शेरा पडेल काय, या काळजीनें घरांतील सर्वांचीं तोंडें उतरतात. गंगाखेड, जिंतूर, पाथरी या बाजूच्या खेड्यांतून परभणीस शिकावयास आलेल्या मुलाच्या बाबतींत तर त्या लखोट्याबरोबर एका कुटुंबाची सारी आशाच टांगणीस लागते. अशा प्रसंगीं कॉलेजला काय करण्याचा अधिकार आहे, आणि तो वापरण्यापूर्वीं त्यानें काय केलें पाहिजे, हें सुशिक्षित घरांतूनही बहुधा ठाऊक नसतें.

प्रथम अधिकाराविषयीं. शिस्तीवांचून विद्यालय चालत नाहीं, हें उघड आहे. ज्या वर्गांत चार जण गोंधळ करतात, त्या वर्गांतील साठ जणांचें शिक्षण बुडतें. म्हणून शिक्षेचा अधिकार शिक्षकवर्गाकडे परंपरेनें आलेला आहे, आणि आतां तो कायद्यानेंही दिलेला आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाप्रमाणें विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवरील शिस्तीचा अधिकार कुलगुरूंकडे आणि संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांवरील अधिकार त्या त्या प्राचार्यांकडे असतो. प्रवेशाच्या वेळीं विद्यार्थी एका प्रतिज्ञापत्रावर सही करून ही सत्ता मान्य करतो. घाईगर्दींत न वाचतां केलेली ती सही पुढें प्रकरण उद्भवलें म्हणजे प्रथम पुढें येते.

शिक्षेच्या पायऱ्या अनेक आहेत. ताकीद, दंड, वसतिगृहांतून काढणें, कांहीं दिवसांचें निलंबन, ठराविक मुदतीपर्यंत प्रवेशबंदी, म्हणजेच ज्याला ‘रस्टिकेट’ करणें म्हणतात तें, आणि शेवटीं कायमचें निष्कासन. अपराध पाहून पायरी ठरवावी, हें शहाणपण. या बाबतींत एक जुनें उदाहरण बोलकें आहे. १९०५ सालीं, वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत, फर्ग्युसन कॉलेजांतील विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांनीं पुढाकार घेऊन पुण्यांत विलायती कपड्यांची होळी केली. प्रिन्सिपॉल रँग्लर परांजपे यांनीं त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहांतून काढून टाकलें. कॉलेजच्या आवाराबाहेर केलेल्या देशकार्याबद्दल कॉलेजनें शिक्षा करावी काय, असा वाद माजला आणि टिळकांच्या ‘केसरी’नें त्या शिक्षेवर कडक टीका केली. तो वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. वसतिगृहाचें दार बंद झालें, पण परीक्षेचें दार बंद झालें नाहीं. सावरकर पुढें बी. ए. झाले.

याच्या उलट प्रकार मराठवाड्यानें १९३८ सालीं अनुभवला. परभणी जिल्हा त्या वेळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता आणि जिल्ह्यांत महाविद्यालय नव्हतें. मॅट्रिकच्या पुढें शिकावयाचें तर मुलानें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नाहीं तर थेट हैदराबादेस जावें लागे. तेथें १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें राज्य. त्या वर्षाच्या अखेरीस वसतिगृहांतील हिंदु विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेच्या वेळीं ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास अधिकाऱ्यांनीं बंदी केली. विद्यार्थ्यांनीं ती मानली नाहीं, संप झाले, आणि हैदराबाद, औरंगाबाद व अन्य ठिकाणच्या शेंकडों विद्यार्थ्यांचीं नांवें पटावरून कमी झालीं.

येथें शिक्षा एकेकाचा अपराध पाहून झाली नाहीं. ती सरसकट झाली. आणि संस्थानांत विद्यापीठ एकच असल्यामुळें त्या एका दाराबाहेर पडणें म्हणजे उच्च शिक्षणासच मुकणें होतें. अशा वेळीं नागपूर विद्यापीठानें या मुलांना प्रवेश दिला. त्या वेळचे तेथील कुलगुरु टी. जे. केदार यांचें नांव त्यासाठीं कृतज्ञतेनें घेतलें जातें. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या बहिष्कृत विद्यार्थ्यांपैकींच एक. नागपूरचें दार उघडलें नसतें तर किती आयुष्यें वाटेंतच अडलीं असतीं, याचा विचार प्रत्येक शिस्तपालन समितीनें करावा. त्याच सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहांत तुरुंगांत गेलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचें नांव १९९४ सालीं नांदेडच्या विद्यापीठास देण्यांत आलें, आणि परभणी जिल्ह्यांतील महाविद्यालयें आज त्याच विद्यापीठास जोडलेलीं आहेत. काळानें उगविलेला हा सूड नव्हे, शिकविलेला धडा आहे.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न न्यायालयापुढें आला. उत्तर प्रदेशांतील तीन विद्यार्थी १९५४ ची इंटरमीजिएट परीक्षा उत्तीर्ण झाले. कांहीं महिन्यांनीं त्यांना कळविण्यांत आलें कीं, परीक्षेंत गैरमार्ग अवलंबिल्यामुळें त्यांचे निकाल रद्द झाले असून पुढील परीक्षेसही त्यांना बसतां येणार नाहीं. तोंपर्यंत त्यांना कोणीं एक शब्दही विचारला नव्हता. परीक्षा मंडळाचें म्हणणें असें कीं, नियमांत सुनावणीची तरतूदच नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं निर्णय दिला, तो थोडक्यांत असा: नियम मुका असला तरी ज्या निर्णयानें मुलाच्या साऱ्या भवितव्यावर परिणाम होतो, तो न्यायबुद्धीनेंच घेतला पाहिजे, आणि आरोपिताचें म्हणणें ऐकल्यावांचून न्याय होत नाहीं.

पण ‘ऐकणें’ म्हणजे कोर्टासारखा खटला चालविणें काय? याचें उत्तर १९७३ च्या दुसऱ्या निर्णयांत आहे. रांची येथील राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थी १९७२ सालीं रात्रीच्या वेळीं मुलींच्या वसतिगृहाच्या आवारांत शिरले आणि त्यांनीं असभ्य वर्तन केलें. छत्तीस मुलींनीं लेखी तक्रार केली. चौकशी समितीनें मुलींचे जबाब आरोपित विद्यार्थ्यांच्या गैरहजेरींत घेतले. मागाहून त्या विद्यार्थ्यांना एकेकास बोलावून आरोप सांगितला आणि त्यांचा खुलासा घेतला. त्यांना दोन वर्षांसाठीं काढून टाकण्यांत आलें. मुलींची उलटतपासणी करूं दिली नाहीं म्हणून अन्याय झाला, असें विद्यार्थ्यांचें गाऱ्हाणें होतें. न्यायालयानें तें मान्य केलें नाहीं. उघड साक्ष द्यावी लागली असती तर त्या मुली पुढें आल्याच नसत्या, आणि आल्या असत्या तर त्यांना पुढें त्रास झाला असता. न्यायाचें तत्त्व एकच, पण त्याचा वेष प्रसंगानुसार बदलतो. आरोप स्पष्ट सांगणें, उत्तर देण्यास संधि देणें, आणि निःपक्षपाती माणसांनीं निर्णय करणें, या तीन गोष्टी मात्र कोणत्याही वेषांत सुटत नाहींत. ज्या प्राध्यापकाशीं भांडण झालें तोच न्यायासनावर बसला तर बाकीचा विधि कितीही चोख असो, तो फुकट आहे.

आज बहुसंख्य प्रकरणें परीक्षेंतील ‘कॉपी’चीं असतात. पर्यवेक्षक किंवा भरारी पथक मुलास पकडतें, चिठ्ठी व उत्तरपत्रिका ताब्यांत घेतें, आणि त्याचा लेखी जबाब घेऊन अहवाल विद्यापीठाकडे पाठवितें. निकाल राखून ठेवला जातो आणि पुढें विद्यापीठाची चौकशी समिति मुलास बोलावते. गोंधळलेला मुलगा बहुधा पर्यवेक्षक सांगेल तें लिहून मोकळा होतो. पण तोच कागद पुढें त्याच्याविरुद्ध मुख्य पुरावा ठरतो. जें खरें असेल तेवढेंच लिहावें, हा सल्ला मुलांना परीक्षेपूर्वींच दिला पाहिजे. शिवाय १९८२ च्या राज्य कायद्यानें परीक्षेंतील गैरप्रकार हा फौजदारी गुन्हाही ठरविला आहे.

दुसरा गंभीर प्रकार रॅगिंगचा. येथें प्राचार्यांना मन मानेल तसें वागण्याची मोकळीक कायद्यानें ठेवलेली नाहीं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणें तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आंत संस्थेच्या प्रमुखानें चौकशी केली पाहिजे. तींत तथ्य दिसल्यास आरोपित विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठविली पाहिजे. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होतो. विद्यार्थ्यास काढून टाकतात आणि पांच वर्षें कोणत्याही संस्थेंत त्याला प्रवेश मिळत नाहीं. प्रमुखानें तक्रारीकडे डोळेझांक केली तर तोही गुन्ह्यास साह्य करणारा मानला जातो. मुलींच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीं वेगळी अंतर्गत तक्रार समिति असते.

मग लखोटा आलेल्या घरानें काय करावें? पहिली गोष्ट, मुलावर ओरडण्यापूर्वीं त्याचें सर्व म्हणणें शांतपणें ऐकून घ्यावें. कारण घर हीच त्याची पहिली समिति होय. आरोप मोघम असेल तर तो तारीखवार लेखी मागावा. खुलासा मुदतींत, थोडक्यांत व खरा द्यावा, आणि त्याची पोंच घ्यावी. चूक झाली असेल तर ती कबूल करून वयाचा व पूर्वींच्या वर्तनाचा विचार व्हावा, अशी विनंति करावी. वशिला शोधूं नये. वशिल्यानें सुटलेला मुलगा शिस्त शिकत नाहीं, वशिला शिकतो. निर्णय अन्यायाचा वाटल्यास कुलगुरूंकडे दाद मागतां येते. विद्यार्थ्यांच्या गाऱ्हाण्यांसाठीं विद्यापीठांत लोकपाल असावा, असे नियम २०२३ सालीं झाले आहेत. सर्व उपाय थकल्यावर छत्रपती संभाजीनगर येथील उच्च न्यायालयाचें खंडपीठ आहेच.

शिक्षेचा हेतु मुलगा सुधारावा आणि इतरांचें शिक्षण निर्वेध चालावें, हा आहे. रोग्याचें बोट सडलें तर वैद्य बोट कापतो, हात नव्हे. आणि तेंही नाडी पाहिल्यावर. समितीच्या मेजापुढें उभा राहिलेला अठरा वर्षांचा मुलगा आपलें बोलणें संपवून बाहेर पडतो, तेव्हां निकाल त्याच्या विरुद्ध गेला तरी ‘माझें ऐकून घेतलें’ एवढें त्याला म्हणतां आलें पाहिजे. ज्या कॉलेजांत तें म्हणतां येतें, तेथें शिस्त भीतीवर नव्हे, विश्वासावर उभी असते.